गोल्डन ड्युरांटा: पानं सोनेरी हवीत आणि फुलंही हवीत, तर काय काय करायचं

मुंबईत राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हे झाड बघितलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. हायवेच्या डिव्हायडरवर, सोसायटीच्या गेटपाशी, शाळेच्या कंपाउंडला, गुडघ्याएवढं कापलेलं पिवळंधमक कुंपण दिसतं ना, तोच गोल्डन ड्युरांटा. नर्सरीत कोणी दुरांता म्हणतं, कोणी नुसतं गोल्डन म्हणतं, काहीही म्हटलं तरी त्यांना कळतं. पण याला फुलं येतात हे बहुतेकांना ठाऊकच नसतं, कारण फुलं यायच्या आधीच कात्री फिरलेली असते.

मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत कंपाउंडच्या कडेने हे कुंपण बरीच वर्षं आहे. एका पावसाळ्यात माळीकाका गावाला गेले ते चांगले चार महिने आलेच नाहीत, कुंपण वाट्टेल तसं वाढलं, मीटिंगमध्ये तक्रारीही झाल्या, आणि सप्टेंबरात एक दिवस पार्किंगच्या बाजूला बघते तर फांद्यांच्या टोकाला फिकट जांभळे तुरे लोंबतायत. जवळ जाऊन बघितलं. नखाएवढी फुलं, पाच पाकळ्या, काही पाकळ्यांच्या मधोमध जरा गडद रेघ, आणि मागे सगळी सोनेरी पानं. तेव्हापासून मी या झाडाच्या मागे लागलेय. कुंडीत, जमिनीत, बाल्कनीत, सगळीकडे लावून झालंय, त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितेय.

आधी झाड काय आहे ते समजून घ्या

हे मूळचं आपल्याकडचं नाही, मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिका इकडचं आहे. शास्त्रीय नाव ड्युरांटा इरेक्टा. सोळाव्या शतकात कास्तोरे दुरांते नावाचे एक इटालियन वैद्य आणि वनस्पतीतज्ज्ञ होते, त्यांच्या नावावरून हे नाव पडलं आणि १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाच्या ग्रंथात ते आलं. आपली घाणेरी, म्हणजे टणटणी, ती याच्याच कुळातली. दोन्हीकडे फुलपाखरं धावतात.

मूळ ड्युरांटा हिरव्या पानांचा असतो, जमिनीत मोकळा सोडला तर दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा वाढतो. आपण लावतो ती सोनेरी पानांची जात, तिच्या पानात हरितद्रव्य कमी असतं म्हणून पिवळा रंग वर दिसतो. हरितद्रव्य कमी म्हणजे अन्न कमी, म्हणून ही जात हिरव्यापेक्षा सावकाश वाढते, आकाराने लहान राहते आणि फुलंही हिरव्यापेक्षा कमी देते. हे आधीच माहीत असलेलं बरं. झाड फुलांनी भरून जाईल अशी आशा ठेवून लावू नका, पानांसाठी लावा, मग जे तुरे येतील त्यांचा आनंद खूप मोठा असतो.

जागा कुठली निवडायची

मी पहिलं रोप आणलं ते लिफ्टच्या पॅसेजमध्ये ठेवलं, तिथे उजेड चांगला होता म्हणून. दोन महिन्यांत सगळं झाड हिरवं. मला वाटलं नर्सरीवाल्याने फसवलं, पण त्याची काही चूक नव्हती. सावलीत गेलं की झाड मिळेल तेवढा उजेड पकडण्यासाठी हरितद्रव्य वाढवतं आणि सोनेरी रंग त्याच्याखाली झाकला जातो. तेच रोप टेरेसवर नेलं तर आधीची पानं तशीच राहिली पण नवीन फुटवा आला तो पिवळा.

म्हणजे रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. नुसता उजेड चालत नाही, ऊनच लागतं. मुंबईच्या बिल्डिंगमध्ये हे मोजायची सोपी पद्धत म्हणजे एखाद्या रविवारी सकाळी आठपासून दर तासाने बाल्कनीत जाऊन बघायचं की ऊन कुठे पडलंय, खडूने खूण करायची. समोरच्या टॉवरची सावली किती वाजता येते ते कागदावर कधी कळत नाही, आणि जे ऊन मे महिन्यात मिळतं ते डिसेंबरात त्याच जागी मिळेल असंही नाही, कारण थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकतो. दक्षिण आणि पश्चिमेच्या बाल्कन्या याला उत्तम. पूर्वेची चालते, रंग थोडा पोपटी राहतो. उत्तरेला लावूच नका, तिथे दुसरी बरीच झाडं छान होतात.

समुद्रासमोर राहात असाल तर खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने पानं धुवा आणि कुंडी कठड्याच्या जरा आत ठेवा.

रोप आणताना

आरेच्या बाजूला नर्सऱ्या आहेत, शिवाय प्रत्येक स्टेशनच्या आसपास रस्त्याच्या कडेलाही रोपं मिळतात. ड्युरांटा स्वस्त असतो, म्हणून लोक बघत नाहीत आणि पहिलं दिसेल ते उचलतात. तसं करू नका. पिशवीतलं रोप हातात घेऊन खालून बघा, मुळं पिशवी फाडून बाहेर आली असतील आणि गोल गोल गुंडाळली असतील तर ते रोप जुनं झालंय. पानं उलटी करून बघा, पांढरे कापसासारखे ठिपके किंवा हात लावल्यावर उडणाऱ्या बारीक पांढऱ्या माश्या दिसल्या तर राहू द्या. बुंध्यातूनच तीन-चार फांद्या फुटलेलं बुटकं रोप घ्या, एकाच दांड्याचं उंच रोप दिसायला मोठं वाटतं पण नंतर ते खालून उघडं राहतं. आणि एखाद्या रोपाला पूर्ण हिरव्या पानांची एखादी फांदी असेल तर तेही नको, त्याचं कारण छाटणीत सांगते.

घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका. आठवडाभर तसंच ठेवा, नर्सरीत ते हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं, एकदम टेरेसच्या उन्हात ठेवलं तर पानं भाजून पांढरट होतात. आधी दोन तास ऊन, मग चार, मग पूर्ण.

कुंडी, माती आणि लावणी

एका झाडाला बारा इंची कुंडी पुरे, सुरुवातीला आठ इंचीही चालेल. बारा इंची कुंडी ओली झाली की वीस किलोच्या वर सहज जाते, म्हणून ती खिडकीच्या ग्रिलवर कधीच ठेवू नका, खालून माणसं जातात. ग्रिलमध्ये ठेवायचंच असेल तर छोटी कुंडी, आतल्या बाजूला, तारेने बांधून.

आपल्याकडे नर्सरीत जी लाल माती मिळते ती नुसती वापरली तर पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात वीट. माझं प्रमाण असं आहे: चार तगारी लाल माती, तीन तगारी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन तगारी भिजवून पिळलेलं कोकोपीट, एक तगारी जाडसर रेती, आणि वरून दोन मुठी निंबोळी पेंड. रेती समुद्राकाठची अजिबात नको, त्यात मीठ असतं. शेणखत हातात घेऊन वास घ्या, शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, मुळं जाळेल. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास आला म्हणजे तयार झालं.

कुंडीला खाली तीन-चार भोकं हवीत, त्यावर फुटक्या कौलाचे तुकडे किंवा नारळाच्या शेंड्या टाका म्हणजे माती वाहून जात नाही. कुंडी विटांवर ठेवा, स्लॅबवर थेट ठेवली तर पाणी साचून खालच्या फ्लॅटला ओल जाते आणि मग सोसायटीत वाद सुरू होतो. माती काठापासून दोन इंच खालीच ठेवा.

लावायची सर्वात चांगली वेळ जूनचा दुसरा-तिसरा आठवडा, पाऊस नीट लागल्यावर. हवेत ओल असते, रोप कोमेजत नाही. तेव्हा राहून गेलं तर ऑक्टोबरची काहिली संपू द्या आणि नोव्हेंबरात लावा. एप्रिल-मेमध्ये शक्यतो नको. पिशवी ब्लेडने कापा, ओढून काढू नका, मुळांचा गोळा जसाच्या तसा बसवा आणि रोप आधी जेवढं मातीत होतं तेवढंच आताही ठेवा.

जमिनीत कुंपण करायचं असेल तर दोन रोपांत एक फूट अंतर, दाट हवं असेल तर एक फुटावर दोन ओळी, पण मागची ओळ पुढच्या दोन रोपांच्या मधोमध येईल अशी. कंपाउंडच्या भिंतीला खेटून लावू नका, भिंतीकडची बाजू सावलीत राहून उघडी पडते. दीड-दोन फूट सोडा.

पाणी

मातीत बोट घाला, वरचा इंचभर भाग कोरडा असेल तर द्या, नसेल तर नको. उन्हाळ्यात टेरेसवर रोज, कधीकधी दोनदा लागतं. थंडीत दोन-तीन दिवसांनी. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसच्या दिवस पाणी द्यावंच लागत नाही, पण छप्पर असलेल्या बाल्कनीत लोक विसरतात, बाहेर धो धो पाऊस आणि आत कुंडी सुकलेली, हे मी कितीतरी घरी बघितलंय. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवा, डेंग्यू-मलेरियाचे डास त्यातच होतात.

छाटणी

आता खरा भाग. ड्युरांटाची फुलं नवीन फांदीच्या टोकाला येतात. टोक कापलं की त्या फांदीची फुलं गेली, आणि खाली दोन नवीन फुटवे येतात. म्हणून दर तीन आठवड्यांनी कापलेलं कुंपण गच्च आणि पिवळं दिसतं, नवी पानंच जास्त पिवळी असतात ना, पण त्याला फूल कधीच येत नाही. फुलं हवी असतील तर फांद्यांना दोन-तीन महिने हात लावायचा नाही. एवढं एकच करायचं असतं आणि तेच लोकांच्याने होत नाही.

मी वर्षाचं गणित असं बसवलंय. फेब्रुवारीच्या शेवटी मोठी छाटणी, झाडाचा साधारण एक तृतीयांश भाग काढून टाकायचा, मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या आधी. मार्चमध्ये फुटवे येतात, ते चार बोटं वाढले की फक्त शेंडे खुडायचे म्हणजे झाड भरतं. एप्रिलच्या शेवटी एकदा शेवटचं खुडायचं. त्यानंतर कात्री कपाटात. जूनमध्ये पाऊस लागला की फांद्या झपाट्याने लांब होतात, वाकतात, झाड विस्कटलेलं दिसतं, त्याच वेळी हात शिवशिवतात पण थांबायचं. माझ्याकडे तुरे जुलै-ऑगस्टला सुरू होतात आणि ऑक्टोबरपर्यंत येत राहतात. ते संपले की ऑक्टोबरात हलकी छाटणी, दिवाळीला झाड परत आटोपशीर.

सोसायटीचं कुंपण असेल तर सगळंच मोकळं सोडायला कोणी तयार होणार नाही. आम्ही असं केलं की गेटपासून पार्किंगपर्यंत नेहमीसारखं कापायचं, आणि मागच्या भिंतीकडचा दहा-बारा फुटांचा तुकडा एप्रिलनंतर सोडून द्यायचा. माळीकाकांना हे पटायला एक वर्ष गेलं, कारण त्यांच्या मते न कापलेलं कुंपण म्हणजे कामचुकारपणा, आणि त्यांनी आयुष्यभर नीट काम केलंय, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला समजत होतं. मग तिथे फुलपाखरं यायला लागली आणि तेच मुलांना बोलावून दाखवायला लागले.

कुंपण कापताना एक चूक सगळीकडे दिसते, वरून रुंद आणि खालून अरुंद कापतात. त्याने खालच्या पानांना ऊन मिळत नाही, ती गळतात आणि खाली नुसत्या काड्या राहतात. उलटं करा, खाली रुंद, वर थोडं निमुळतं.

आणि ती हिरवी फांदी. सोनेरी झाडातून कधीकधी एखादी पूर्ण हिरवी फांदी निघते, जोमदार, बाकीच्यांपेक्षा लांब. ती मूळ हिरव्या जातीकडे परत गेलेली असते. तिच्यात हरितद्रव्य भरपूर, त्यामुळे ती भराभर वाढून दोन वर्षांत सोनेरी भागाला झाकून टाकते. दिसली की जिथून निघाली तिथूनच अगदी बुडापासून काढा, अर्धवट कापू नका. मात्र सावलीमुळे पोपटी झालेली फांदी आणि ही यात फरक असतो. सावलीतली पानं सगळ्या झाडावर हळूहळू हिरवी होतात, ही मात्र भर उन्हात एकटीच हिरवीगार असते.

छाटताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला, जुन्या फांद्यांना पानांच्या बेचक्यात काटे असू शकतात.

खत

जास्त देऊ नका. नत्र जास्त झालं की पानंच पानं येतात, मऊ लुसलुशीत, आणि त्यावर मावा येतो. फेब्रुवारीच्या छाटणीनंतर दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड, वरची माती उकरून मिसळा. मे महिन्याच्या शेवटी चमचाभर बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, माती ओली असतानाच. धो धो पावसात देऊ नका, सगळं वाहून जातं.

पिवळं आणि आजारी पिवळं

याचा गोंधळ सगळ्यांचा होतो, कारण झाडच पिवळं. माझी खूण अशी: निरोगी झाडात शेंड्याची पानं सगळ्यात पिवळी, चकचकीत, आणि खाली जावं तसा पोपटी ते हिरवा रंग वाढत जातो. याच्या उलट झालं, म्हणजे खालची पानं शिरा हिरव्या ठेवून मधेच फिकट पडली, तर मॅग्नेशियम कमी पडतंय, एप्सम सॉल्ट लिटरला दोन ग्रॅम घालून पंधरा दिवसांनी दोनदा द्या. शेंड्याची पानं पांढरटच झाली आणि शिरा तेवढ्या हिरव्या उठून दिसल्या तर लोह कमी, चिलेटेड लोह आणून पाकिटावर लिहिलंय तेवढंच वापरा. आणि सगळंच मलूल, पानं गळतायत, माती ओली आहे तरी झाड सुकल्यासारखं दिसतंय, तर मुळं कुजतायत, खत देऊ नका, कुंडीची भोकं उघडी आहेत का ते आधी बघा.

किडींत पिठ्या ढेकूण (तेच पांढरे कापसासारखे ठिपके) आणि पांढरी माशी हे दोन मुख्य. थोडे असतील तर पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा. जास्त असतील तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, सूर्य मावळल्यावर फवारायचं, आठवड्याने परत. फुलांवर मारू नका, मधमाश्या येतात.

फळांची काळजी, हे वगळू नका

फुलं गेली की केशरी-पिवळी मण्यांसारखी फळं घोसाने लागतात, प्रत्येक मण्याला टोकाला छोटीशी चोच. दिसायला फार सुंदर, आणि विषारी. लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्याने उलट्या, गुंगी, त्याहून वाईटही होऊ शकतं. पानांतही विष असतं. पक्ष्यांना काही होत नाही, ते खातात. घरात रांगतं मूल असेल किंवा कुत्रा झाडं चावणारा असेल तर फुलं सुकली की तुरे कापून टाका, फळ धरूच देऊ नका. मुलाने खाल्लं असं वाटलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि फांदी सोबत न्या.

फळं कापायचं दुसरंही कारण आहे. ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत हे झाड पक्ष्यांनी पसरवलेल्या बियांमुळे रानोमाळ झालंय. आमच्यासारखे जे नॅशनल पार्कच्या जवळ राहतात त्यांनी तर नक्कीच कापावं, घाणेरीने आपल्या जंगलांचं काय केलंय ते डोळ्यांसमोर आहे.

एका फांदीपासून नवं रोप

बी लावू नका, त्यातून सोनेरी पानं येतीलच असं नाही. फांदीच लावायची, जून-जुलैत. पेन्सिलपेक्षा थोडी बारीक, अर्धवट पिकलेली फांदी घ्या, म्हणजे वाकवली तर लवते पण जोर दिला की मोडते अशी. पाच-सहा इंचांचे तुकडे करा, खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, अगदी खाली, खालची पानं काढा, वरची दोनच ठेवा आणि तीही अर्धी कापा. रूटिंग पावडर असेल तर लावा, नसली तरी चालतं. निम्मं कोकोपीट निम्मी रेती अशा मिश्रणात दोन इंच खोचा, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. ओढून बघू नका, नवीन पान आलं की समजायचं. सगळ्या कांड्या लागत नाहीत, म्हणून हवीत त्याच्या दुप्पट लावा.

लागलेलं रोप महिनाभराने छोट्या कुंडीत हलवा आणि हळूहळू उन्हात आणा. पहिल्या वर्षी फुलांची वाट बघू नका. मुलुंडला आईच्या बाल्कनीत जे झाड आहे ते आमच्या पार्किंगमधल्या कुंपणाची एक कांडी होती. दुसऱ्या पावसाळ्यात, गणपतीच्या दिवसांत त्याला पहिला तुरा आला, सात-आठ फुलांचा, आणि आईने तो देवाला वाहायलासुद्धा तोडू दिला नाही.